महिनाअखेरचा डबा

मुंबईत कुणी उपाशी झोपत नाही, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. असं म्हणणारा बहुधा नुकताच जेवून उठलेला असतो, ते सोडून देऊ. पण त्यात अगदीच तथ्य नाही असंही नाही. कुठल्याही स्टेशनच्या बाहेर पाय ठेवा, वीस पावलांच्या आत वडापावची गाडी दिसते. दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. कामावरून सुटलेल्या, लोकल गाठायच्या घाईत असलेल्या माणसाला एका हातात धरून उभ्याउभ्या खाता येईल असं काहीतरी हवं होतं. ते त्याला मिळालं. तेव्हापासून या शहरानं किती वडापाव रिचवले असतील, त्याचा हिशेब कुठल्याही खातेवहीत मावायचा नाही.

पण पोट भरणं निराळं आणि जेवण होणं निराळं. शहरात नव्यानं आलेल्या, तुटपुंज्या पगारावर एकट्यानं राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हा फरक दोनेक महिन्यांत कळतो. आधी जीभ कंटाळते, मग पोट कुरकुरायला लागतं, आणि मग कधीतरी रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर विचारतात, "जेवता काय तुम्ही?" घरच्यांना वाटतं, पैसे कमी पडत असतील. पैसे कमी पडतातच. पण मोठ्या शहरात थोड्या पैशांत नीट जेवता न येण्याचं कारण निव्वळ पैसा हेच आहे का, हे एकदा कागद-पेन्सिल घेऊन बघावं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. आयुष्य बँकेत काढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार!

दोन वडापाव की एक ताट?

आज मुंबईत साध्या गाडीवर वडापाव पंधरा ते वीस रुपयांना मिळतो. भूक लागलेला तरुण माणूस दोन खातो. म्हणजे तीस-चाळीस रुपये झाले. त्या पैशांत पोटात काय गेलं? मैद्याचे दोन पाव, बटाटा, थोडंसं बेसन आणि तेल.

आता दुसऱ्या बाजूला एक ताट मांडू. साठ ग्रॅम मटकी. किलोला दीडशे रुपये भाव धरला तरी ती नऊ रुपयांची होते. दोन भाकऱ्यांना दीडशे ग्रॅम ज्वारीचं पीठ, त्याचेही नऊ रुपये धरा. अर्धी जुडी पालेभाजी दहा रुपये. शेंगदाण्याच्या चटणीचे तीन, आणि कांदा, तेल, मीठ-मसाला, गॅस यांचे सहा-सात. बेरीज सदतीस-अडतीस रुपये. म्हणजे पैसे जवळपास तेवढेच. या ताटात एकट्या मटकीतूनच बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं मिळतात, भाकरीची आणि दाण्यांची निराळी. पालेभाजीतलं लोह आणि चोथा तर वडापावात शोधून सापडायचा नाही.

मग एवढा सरळ हिशेब लोकांना कळत नाही का? चांगला कळतो. पण या हिशेबात मी एक रकाना मुद्दाम सोडला आहे. मटकी आज रात्री भिजवली, तर उद्या सकाळी उपसून फडक्यात बांधायची, आणि मोड येऊन ती उसळ परवा सकाळी डब्यात जायची. ती बांधून ठेवायला जागा पाहिजे. भाकरी थापायला परात, तवा, ओटा पाहिजे. पालेभाजी निवडायला अर्धा तास पाहिजे. आणि हे सगळं करणारं माणूस पाहिजे. वडापाव खाणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. त्याला फक्त सुटे पैसे लागतात.

गरिबाचं खाणं बिघडतं ते नेमकं इथे. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याच्याकडे बहुधा वेळही कमी असतो आणि जागा तर त्याहून कमी. दोन तास लोकलमध्ये, दहा तास कामावर, आणि रात्री परतायचं ते एका खोलीत, जिथे आणखी पाच जण झोपलेले. त्याला कडधान्याचे गुण सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला नदीचं वर्णन ऐकवण्यासारखं आहे.

टेबलावरचे डबे

ऐंशीच्या दशकात मी बँकेत लागले. तेव्हा शाखेत दुपारी आम्ही आठ-दहा जणी एकत्र जेवत असू. कारकून, टायपिस्ट, आमची झाडलोट करणारी मावशी, सगळ्यांचे डबे एका टेबलावर उघडत. महिना कितपत उलटला आहे, हे कॅलेंडर न बघताही त्या डब्यांवरून सांगता यायचं.

पगाराच्या पहिल्या आठवड्यात डब्यात काही ना काही असायचं. मटार, फ्लॉवर, एखादीच्या डब्यात सुरमईचा तुकडा. पंधरा तारखेनंतर उसळी दिसू लागत. वीस-बावीस तारखेपासून बटाटा. आज काचऱ्या, उद्या रस्सा, परवा नुसता परतलेला. आणि शेवटच्या तीन-चार दिवसांत लोणचं, चटणी, कांदा. गंमत अशी की त्याच घरातल्या नवऱ्याच्या आणि मुलांच्या डब्यात त्या दिवशीही भाजी असायची. बाई बोलता बोलता ते सहज सांगून जायची. "ह्यांना भाजी लागते हो," एवढंच. स्वतःच्या डब्यातल्या चटणीबद्दल कुणीच काही बोलत नसे.

घरखर्चात कपात करायची वेळ आली की भाडं कमी करता येत नाही, शाळेची फी कमी करता येत नाही, रेल्वेचा पास टाळता येत नाही. हात जातो तो जेवणाकडे. जेवणातही भात-पोळीकडे नाही, डाळ, भाजी, दूध, फळ यांच्याकडे. आणि ती कपात पहिल्यांदा वाढली जाते ती बाईच्या पानात. आपल्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असं २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. मला तो आकडा वाचून ते टेबल दिसलं. चांगलं खाणं परवडतं की नाही, हा प्रश्न विचारताना कुणाला परवडतं हेही विचारायला हवं, ते यासाठी.

खानावळवाली

या शहरात थोड्या पैशांत नीट जेवणारी माणसं पूर्वी नव्हती का? होती, आणि लाखांनी होती. कोकणातून, घाटावरून गिरणीत कामाला आलेल्या पुरुषांचं कुटुंब गावी असे. परळ-लालबागच्या चाळीत एकेका खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीनं राहत. त्यांना स्वयंपाक करायला ना जागा होती, ना सवड. त्यांना जेवू घालत होती ती खानावळवाली.

ती स्वतः अशाच एका खोलीत राहायची. नवरा गिरणीत, किंवा आजारी, किंवा नव्हताच. पहाटे चारला चूल पेटवायची आणि दहा-पंधरा माणसांचं दोन वेळचं जेवण करायची. आमटी, भात, भाकरी किंवा चपाती, एक भाजी, आठवड्यातून एकदोनदा सुकट, बोंबील किंवा मटण. पैसे रोजचे रोज नाहीत. पगार झाला की महिन्याचा हिशेब. तोपर्यंत तिची वही आणि गिऱ्हाइकाचा शब्द.

मात्र तिला स्वतःला कुणी महिनाभर थांबत नसे. वाण्याची उधारी चढायची, रॉकेल रोख आणायचं, आणि मेळ बसला नाही की सावकाराकडे भांडी नाहीतर डोरलं गहाण पडायचं. जेवणारे फायद्यात होते, वाणी आणि सावकार फायद्यात होते. सगळ्यांत जास्त राबणारी मात्र व्याज फेडत बसलेली होती.

हे चित्र पालटायला सुरुवात झाली १९७५ साली. गोवा मुक्तिलढ्यातून मुंबईत आलेल्या प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्यांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केलं. त्यांचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले नेते. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ सालीच झालं होतं, आणि अगदी गरीब कर्जदारांसाठी ४ टक्के व्याजाची योजनाही १९७२ मध्ये आली होती. योजना कागदावर होती. या बायकांनी ती परळच्या चाळीत आणली. तारण काय, हा बँकेचा पहिला प्रश्न. तारण ठेवायला यांच्याकडे काही नव्हतं. तेव्हा त्या एकमेकींना जामीन राहिल्या.

बँकेतली माणूस म्हणून मला या गोष्टीचं विशेष वाटतं. एखाद्या कंपनीला गिऱ्हाइकांकडून पैसे यायचे असतील, तर त्या येण्याच्या भरवशावर बँक लाखांनी कर्ज देते. खानावळवालीच्या वहीतही तेच होतं. तिचंही येणं होतं, आणि ते बुडण्याचं प्रमाण फार नव्हतं. पण तिच्या वहीला तोवर कुणी वही म्हटलंच नव्हतं. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी आपला प्रयोग १९७६ मध्ये सुरू केला, त्याचं जगभर नाव झालं. आपल्या गिरणगावातली ही गोष्ट त्याच्या वर्षभर आधीची.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पगार थांबले, तसे वहीतले हिशेबही थांबले. कितीतरी कामगार गावी गेले, ते परतलेच नाहीत. खानावळींचं जेवणारं माणूसच गेलं. पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. तिथेही हजारो माणसं काम करतात, सुरक्षारक्षक, विक्रेते, सफाई कामगार. त्यांना दुपारी भूक लागतेच. त्यांच्यासाठी खानावळीची जागा मात्र त्या आराखड्यात कुणी ठेवली नाही.

एकच भाजी, म्हणून स्वस्त

खानावळीचं जेवण स्वस्त का असायचं, याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. तिथे मेनूकार्ड नव्हतं. आज काय आहे, तर जे आहे ते. जेवणारी डोकी ठरलेली, त्यामुळे पीठ किती मळायचं ते आदल्या रात्री ठाऊक. उरणं नाही, टाकणं नाही. बाजारात जी भाजी स्वस्त, तीच ताटात. हॉटेलात आपण शंभर पदार्थांतून एक निवडतो, तेव्हा न निवडलेल्या नव्व्याण्णवांची तयारी ठेवण्याचा खर्चही बिलात देत असतो.

माटुंगा स्टेशनजवळ १९४२ साली ए. रामा नायक यांनी सुरू केलेल्या 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग'नं हेच तत्त्व वापरलं. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, दोन भाज्या, ताक. नाव 'बोर्डिंग' आहे, हेही लक्षात घ्या. घर सोडून नोकरीला आलेल्यांच्या रोजच्या जेवणाची ती सोय होती. आज दादर, पार्ले, डोंबिवलीत जी पोळी-भाजी केंद्रं दिसतात, त्यांच्या पाठीशीही हाच विचार आहे. बचत गटाच्या बायका सकाळी दोन-तीन भाज्या करतात आणि संपल्या की फळी पुसून टाकतात.

सरकारनंही हा प्रयोग करून पाहिला. १९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर मिळू लागली. कल्पना लोकांना आवडली, पण एक रुपयात भाकरी होत नाही, हे केंद्र चालवणाऱ्यांना लवकरच कळलं. बऱ्याच केंद्रांवर झुणका मागे पडून चहा-वडे आले, आणि योजना काही वर्षांत गुंडाळली गेली. पुढे २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची 'शिवभोजन' थाळी सुरू झाली. तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात. शहरात या थाळीचा खर्च पन्नास रुपये धरला होता. दहा जेवणाऱ्याचे, चाळीस सरकारचे. कोरोनाच्या दिवसांत या थाळीनं पुष्कळांना तारलं.

मला या योजनेतला तो पन्नासचा आकडा महत्त्वाचा वाटतो. साधं, चौरस ताट शहरात तयार करून वाढायचं, तर त्याची काही एक किंमत असतेच. ती जेवणाऱ्यानं दिली नाही, तर सरकारनं द्यावी लागते. सरकारनंही दिली नाही, तर एखादी बाई पहाटे चारला उठून आपल्या मजुरीतून ती देत असते. फुकट काहीच नसतं. फक्त कुणाच्या खात्यावर नावे पडतं, एवढाच प्रश्न असतो.

बाजाराची अक्कल

आता घरच्या चुलीकडे वळू. वेळ आणि जागा थोडीफार असेल, तर कमी पैशांत चांगलं खाण्याची विद्या आपल्या आया-आज्यांना पाठ होती. तिच्यात मुख्य भाग स्वयंपाकाचा नसून बाजाराचा आहे.

मे महिन्यात आगोटीची खरेदी व्हायची. सुके बोंबील, सुकट, जवळा, कांदे, मीठ-मिरची. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, ताजी मासळी महागते, तेव्हा हे डबे उघडायचे. मूठभर जवळा आणि एक वांगं एवढ्यात चार माणसांचं कालवण होतं. पहिल्या पावसानंतर दादर-बोरिवलीच्या स्टेशनांबाहेर आदिवासी बायका टाकळा, फोडशी, कंटोळी, शेवळं घेऊन बसतात. टाकळा, फोडशी स्वस्त असतात. शेवळांना मात्र आता भाव आला आहे, आणि ती नीट करायला जाणकाराचा हात लागतो. मुंबईतली मुलं महागडी ब्रोकोली ओळखतात आणि टाकळ्याला गवत म्हणतात, हे आपल्याला परवडणारं नाही.

भाजी संध्याकाळी उशिरा घ्यावी, गाडीवाल्याला घरी जायची घाई असते. मांदेली, बांगडा हे मासे पापलेटपेक्षा फार स्वस्त असतात आणि पौष्टिकतेत तसूभरही कमी नसतात. अंड्याइतकं सोयीचं आणि स्वस्त प्रथिन शहरात दुसरं नाही. चणे-शेंगदाणे आणि गुळाचा खडा बॅगेत असला, तर संध्याकाळी सहाच्या भुकेला गाडीवर उभं राहावं लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेला सल्लाही याच वाटेनं जातो: ताटातलं धान्य कमी करा, डाळी-कडधान्यं आणि भाज्या वाढवा. भाकरीनं ताट भरायचं आणि उसळ चवीपुरती वाढायची, ही आपली सवय उलटी करायला हवी.

आणि एकट्यानं बाजार करण्यापेक्षा चौघांनी मिळून केलेला बरा, हे तर या शहराला जुनं ठाऊक आहे. १९४८ साली नायगावात कामगारांनी ग्राहक सोसायटी काढली, तिचाच पुढे 'अपना बाजार' झाला. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यामागून हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारची कुटुंबं गट करतात, महिन्याची यादी देतात, सामान एकदम येतं, आणि सभासद ते आपापसांत वाटून घेतात. ज्यांनी कुणाच्या ओसरीवर बसून अशी वाटणी केली आहे, त्यांना ठाऊक असेल की त्या दोन तासांत डाळीबरोबर पाककृती, आजारपणं आणि मुलांच्या नोकऱ्यांच्या बातम्याही वाटल्या जातात.

चौघांचा कुकर

आज शहरात आलेल्या मुलांकडे हे काही नाही. पेइंग गेस्ट म्हणून राहायचं, तर मालकिणीची पहिली अट, "स्वयंपाकघर वापरायचं नाही." मग फोनवरून जेवण मागवायचं. त्यात हॉटेलचा नफा, मधल्या कंपनीचं कमिशन, आणून देण्याचे पैसे. आणि जो मुलगा ते घेऊन धावत येतो, तो स्वतः कुठे आणि काय जेवतो, हे त्याला कुणी विचारत नाही.

ज्यांची मुलं घर सोडून मुंबई-पुण्याला निघाली आहेत, त्यांना एवढंच सुचवावंसं वाटतं. चकल्या-लाडवांचे डबे जरूर द्या, पण बरोबर एक छोटा कुकर आणि एक तवा द्या. मुलगा असो वा मुलगी, निघण्याआधी चार गोष्टी शिकवून पाठवा: मुगाची खिचडी, मोडाची उसळ, अंड्याची पोळी आणि एक पालेभाजी. खोली बघताना पंख्याआधी ओटा बघायला सांगा. दोनशे रुपये भाडं जास्त पडलं, तरी चूल असलेली जागा महिनाअखेर स्वस्त ठरते. आणि चौघं एकत्र राहत असतील, तर चौघांनी मिळून एक वही करावी. एकानं मटकी भिजवावी, दुसऱ्यानं बाजार करावा, तिसऱ्यानं कुकर लावावा, चौथ्यानं भांडी घासावीत. एकट्याला न परवडणारा वेळ चौघांत वाटला की परवडतो. स्वयंपाक करायला जमतच नसेल, तर जवळपास डबा देणारी बाई शोधावी, आणि तिचे पैसे महिना भरायच्या आत द्यावेत. तिचीही उधारी कुठेतरी चढत असते.

आणि घरी राहणाऱ्यांनी एक करावं. या महिन्याच्या पंचवीस तारखेला, काटकसर चालू असेल तेव्हा, घरातले सगळे डबे झाकणं लावण्याआधी एकदा ओट्यावर शेजारी शेजारी ठेवून बघावेत. ज्या डब्यात नुसती चटणी असेल, तो कुणाचा आहे ते बघावं, आणि बाकीच्या डब्यांतली एकेक चमचा भाजी त्यात घालावी. घरचा हिशेब तिथून नीट व्हायला लागतो.